कंगवा दिसला की कपाटामागे: घाबरट मांजराचे केस आणि नखं कशी सांभाळावीत

ब्रिटनमध्ये मांजर पाळणाऱ्या मराठी घरांतून मला गेली काही वर्षं एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. "एरवी मांडीवर येऊन झोपतं, पण कंगवा हातात घेतला की बोचकारतं. दोघांनी मिळून धरावं आणि एकदाचं उरकून टाकावं का?" त्यामागोमाग बाकीचे येतात: घरी आंघोळ घालावी का, जटा कात्रीने कापल्या तर चालतील का, ग्रूमरकडे पाठवायचं की व्हेटकडे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: धरून उरकू नका. त्या दिवशी केस सुटतील, पण पुढच्या वेळी कंगव्याचा आवाज आला तरी मांजर पलंगाखाली जाईल, आणि मग जटा वाढतच जातील. केस पुन्हा वाढतात. धाक बसलेलं मांजर पुन्हा विश्वासाने जवळ यायला मात्र महिने लागतात.

आधी ठरवा: स्वभाव की दुखणं?

मांजर दिवसातला बराच वेळ स्वतःला चाटून साफ करत असतं. ते काम ते सोडून देतं तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं. कमरेवर, शेपटीच्या मुळाशी गाठी दिसू लागल्या असतील तर मांजराला मागे वळून तिथवर तोंड नेता येत नाही, असं समजा. वजन वाढलेलं असेल किंवा सांधे दुखत असतील. 12 वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज दिसते. पण मांजर लंगडत नाही की ओरडत नाही, फक्त उंच उड्या मारणं सोडतं. दात दुखत असले तरीही चाटणं थांबतं.

म्हणून पुढच्या तीन गोष्टी दिसल्या तर कंगवा बाजूला ठेवा आणि आधी व्हेटची वेळ घ्या:

- आजवर निमूट विंचरून घेणारं मांजर अचानक फिस्कारायला लागलं.
- एका ठरावीक जागी हात लावला की ते दचकतं किंवा चावायला येतं.
- केस तेलकट, चिकट झालेत किंवा पोटावरचे केस चाटून चाटून विरळ झालेत.

दुखणाऱ्या मांजराला सवय लावायचा प्रयत्न करणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. आधी वेदना कमी करा, मग बाकीचं.

दुखणं नसेल तर बहुतेकदा भीती असते, आणि तिचं मूळ लहानपणात असतं. पिल्लाला माणसाच्या स्पर्शाची सवय लागण्याचा काळ फार थोडा, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. या दिवसांत जे पिल्लू एखाद्या शेडमध्ये किंवा रस्त्यावर वाढलं, ते मोठेपणी तुमच्याकडे आलं तरी हाताला घाबरणारच. कॅट्स प्रोटेक्शन किंवा बॅटर्सीसारख्या संस्थेतून दत्तक आणलेल्या मांजराबद्दल "आपलंच काहीतरी चुकतंय" असं बऱ्याच जणांना वाटतं. तुमचं चुकलेलं नाही. फक्त तुम्हाला इतरांपेक्षा हळू जावं लागेल.

मानगूट धरू नका

भारतातून आलेले आईबाबा घरी असले की हा वाद हमखास होतो. "मांजरी आपल्या पिल्लांना मानगुटीनेच उचलते की! धर तिथे, गप्प बसेल." गप्प बसतं हे खरं आहे. पण मांजरी मानगुटीने उचलते ती काही आठवड्यांच्या पिल्लाला, आणि तेही तोंडात अलगद धरून. चार-पाच किलोच्या मोठ्या मांजराची मानगूट माणसाने आवळली की ते भीतीने थिजतं. ते थिजणं आपल्याला शांतपणा वाटतो, आणि सोडल्याक्षणी त्याचे दात आपल्या हातात असतात. ब्रिटनमधली इंटरनॅशनल कॅट केअर ही संस्था मांजराला असं धरण्याच्या स्पष्ट विरोधात आहे. घरातल्या ज्येष्ठांना हे समजावताना त्यांच्या अनुभवाचा अनादर होऊ देऊ नका. त्यांना खाऊची वाटी द्या आणि मांजराला हळूहळू खाऊ घालायचं काम सोपवा. ते फार उपयोगाचं काम आहे.

हात कुठे लावावा याबद्दल बॅटर्सीच्या केंद्रातच नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मांजराला निवड करू द्यावी, त्याच्या अंगाच्या हालचालींवर लक्ष ठेवावं आणि गालाशी, हनुवटीखाली, कानांच्या मुळाशीच हात लावावा, एवढंच लोकांना आधी शिकवलं होतं. तेवढ्याने मांजरं जास्त माया करू लागली आणि अंगावर येणं कमी झालं. पोट आणि शेपटीचं मूळ या जागा सगळ्यात शेवटी घ्यायच्या.

काय काय लागेल

- रुंद दातांचा, गुळगुळीत टोकांचा धातूचा कंगवा. लांब केसांच्या मांजराला सुरुवातीला एवढाच पुरे.
- आखूड केसांसाठी मऊ रबरी ब्रश. बऱ्याच मांजरांना तो गोंजारल्यासारखा वाटतो.
- चाटून खायचा ट्यूबमधला खाऊ. मांजर चाटत राहील तेवढा वेळ तुमचा.
- जुना सुती पंचा किंवा पातळ टॉवेल.

बारीक तारांचा ब्रश घेणार असाल तर आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. ओरखडा उठला तर मांजरालाही उठणार.

आणखी एक गोष्ट, जी भारतात फारशी अनुभवाला येत नाही. इथल्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते, सोफ्यावर फ्लीसची पांघरुणं असतात, आणि प्लास्टिकचा ब्रश फिरवला की केसांत वीज साठून मांजराच्या नाकाला ठिणगीसारखा चटका बसतो. असा एक चटका बसला की मांजर त्या ब्रशला कायमचं घाबरू शकतं. म्हणून धातूचा कंगवा वापरा, फ्लीस काढून सुती चादर घाला आणि हात किंचित ओलसर ठेवा.

दोन मिनिटांचा रोजचा पाठ

वेळ निवडा ती खाऊन, खेळून मांजर सुस्तावलेलं असताना. त्याला त्याच्या झोपेच्या कोपऱ्यातून ओढून आणू नका; ती त्याची हक्काची जागा आहे. जमिनीवर त्याच्या बाजूला, तोंड दुसरीकडे करून बसा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी आणि बॉनफायर नाइटच्या फटाक्यांचे दिवस असतील, तर तेवढे दिवस हा पाठ बंदच ठेवा.

1. पहिले तीन-चार दिवस कंगवा नुसता जमिनीवर ठेवा आणि त्याच्याजवळ खाऊ. मांजर येऊन हुंगेल, गाल घासेल. एवढंच.
2. मग हाताने गाल कुरवाळा आणि मधेच कंगव्याची पाठ, दातांची बाजू नव्हे, गालावरून एकदा फिरवा. खाऊ द्या.
3. ते सहन झालं की कंगवा उलटा धरून मानेपासून खांद्यापर्यंत एकदा. खाऊ. संपलं.
4. त्यानंतर दात लावून, केसांच्या दिशेनेच, दोन-तीन हलके हात. दर दोन दिवसांनी एखादा वाढवा.
5. पाठ, मग कुशी. मांड्यांच्या मागची बाजू, काखा आणि पोट अगदी शेवटी, आणि तीही एका वेळी एकच जागा.

एखाद्या पायरीवर मांजर अडलं तर मागच्या पायरीवर या. पाचव्या पायरीपर्यंत पोहोचायला दीड-दोन महिने लागले तरी ते चांगलंच चाललंय. दोन मिनिटांच्या पुढे मात्र जाऊ नका, सगळं मजेत चाललेलं असलं तरी. मांजराला "अजून चाललं असतं" असं वाटत असताना थांबलात तर दुसऱ्या दिवशी ते आपणहून येतं.

कधी हात मागे घ्यायचा

मांजर एकदम चावतं असं आपण म्हणतो, पण त्याआधी त्याने चार वेळा सांगितलेलं असतं. पाठीची कातडी थरथरते. शेपटीचं टोक आपटायला लागतं. कान आडवे होतात, बाहुल्या मोठ्या होतात, चाटणं थांबतं, मान वळून तुमच्या हाताकडे बघते. यातलं पहिलं दिसलं की थांबा. दुसऱ्याची वाट बघू नका. त्याला जाऊ द्या, त्याच्या मागे जाऊ नका.

मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं तर तो साधा राग नाही. लगेच सगळं सोडा, खोली शांत करा, आणि श्वास चटकन मूळपदावर आला नाही तर व्हेटला फोन करा.

जटा: इथे घाई महागात पडते

पर्शियन, मेन कून, रॅगडॉल, ब्रिटिश लाँगहेअर अशा मांजरांना जटा लवकर होतात, विशेषतः काखेत, कानामागे, मांड्यांच्या आत. जट कातडीला ओढून धरते. मांजर चालताना तिथे प्रत्येक पावलाला ताण बसतो. त्यामुळे "नंतर बघू" म्हणण्यासारखी ही गोष्ट नाही.

वाटाण्याएवढी, कातडीपासून सुटी असलेली गाठ घरी सोडवता येते. गाठ आणि कातडी यांच्यामधले केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जाणार नाही. मग टोकाकडून मुळाकडे, थोडं थोडं, कंगव्याच्या दातांनी सुटं करत या. पाणी लावू नका. ओली झालेली जट वाळताना आणखी आवळते. एका बैठकीत एकच गाठ.

आणि कात्री नको. कुठल्याच कारणाने नको, बोथट टोकांचीही नको. मांजराची कातडी कागदासारखी पातळ आणि सैल असते. जट वर उचलली की तिच्याबरोबर कातडीचा तंबू वर येतो, आणि केस कुठे संपतात आणि कातडी कुठे सुरू होते हे डोळ्यांना कळतच नाही. मी हे पुस्तकातून सांगत नाही. आमच्या मांजरीच्या काखेतली जट मी एका रविवारी नखं कापायच्या छोट्या कात्रीने कापायला घेतली. ती ओरडलीसुद्धा नाही. रक्त दिसलं तेव्हा कळलं. त्याच संध्याकाळी तिला टाके पडले, आणि पुढे कितीतरी महिने ती माझ्या मांडीवर आली नाही. ते आठवलं की अजून हात थरथरतो.

जट मोठी असेल, कातडीला चिकटलेली असेल, खाली लाली किंवा ओल असेल, किंवा अनेक जटा मिळून घोंगडीसारखा थर झाला असेल, तर ते काम घरचं नाही.

नखं

मांजराला साधारण 18 नखं असतात: पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. बाहेर हिंडणाऱ्या तरुण मांजराची नखं सहसा कापावी लागत नाहीत. चढायला आणि पळायला ती त्याला हवीच असतात. म्हाताऱ्या मांजराची मात्र दर पंधरवड्याला बघा. ती जाड होऊन गोल वळतात आणि पंजाच्या गादीत घुसतात.

गादीवर हलकं दाबलं की नख बाहेर येतं. आतला गुलाबी भाग म्हणजे रक्तवाहिनी आणि नस. तो सोडून नुसतं पांढरं टोक, मांजराच्या नेलक्लिपरने कापा. आज एक, उद्या एक असं केलं तरी तीन आठवड्यांत सगळी होतात. मांजर पाय ओढून घेत असेल तर पंचा सैल गुंडाळून एक पंजा बाहेर ठेवता येतो, पण पंच्यात ते धडपडू लागलं तर लगेच सोडा. अनेक व्हेट क्लिनिकमध्ये नर्सकडून नखं कापून मिळतात. तशी वेळ मागा. नखं मुळासकट काढून टाकण्याची शस्त्रक्रिया काही देशांत होत असे. ब्रिटनमध्ये वैद्यकीय कारण असल्याशिवाय ती बेकायदेशीर आहे.

आंघोळ, आणि आपल्या कपाटातल्या बाटल्या

निरोगी मांजराला आंघोळीची गरज नसते. घाबरट मांजराला तर घालूच नका. मागची बाजू मळली असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने तेवढीच जागा पुसा.

आपल्याकडे पाण्यात दोन थेंब डेटॉल टाकायची सवय असते. मांजराच्या बाबतीत ती मोडावीच लागेल. त्यातलं क्लोरोझायलेनॉल मांजराला विषारी आहे. त्याच्या यकृताला अशी बरीच रसायनं निकामी करून बाहेर टाकता येत नाहीत, आणि अंगावर लागलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं. म्हणून या गोष्टी मांजराच्या अंगाला लावू नका:

- जंतुनाशक द्रावणं, फिनेल, माणसांचा शॅम्पू
- नीलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, कापूर घातलेलं कुठलंही तेल
- कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध. त्यातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं.

आणि वेदना कमी व्हावी म्हणून पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते. लिलीच्या फुलांचे पराग, इंजिनचं तेल, रंग असं काही केसांना लागलं तर मांजराला चाटू न देता टॉवेलमध्ये गुंडाळा आणि थेट व्हेटकडे न्या. सल्ल्यासाठी ॲनिमल पॉयझन लाइन चोवीस तास चालू असते. ती सेवा सशुल्क आहे.

ग्रूमर की व्हेट?

इथे एक मोठा गैरसमज आहे. पुष्कळांना वाटतं की ब्रिटनमध्ये सगळ्याला लायसन्स लागतं, तसं ग्रूमरलाही लागत असेल. लागत नाही. इंग्लंडमध्ये 2018 च्या नियमांनुसार मांजरांचं बोर्डिंग चालवायला स्थानिक कौन्सिलचा परवाना हवा, पण ग्रूमिंगचा धंदा त्या नियमांत येत नाही. उद्या कुणीही क्लिपर विकत घेऊन पाटी लावू शकतं. चांगले, शिकलेले ग्रूमर आहेत, पण ते ओळखायचं काम तुमचं आहे. फोनवर हे विचारा:

- मांजरांसाठी वेगळं प्रशिक्षण घेतलंय का? कुत्र्यांचं पुरत नाही.
- विमा आहे का?
- कुत्र्यांचा आवाज येणार नाही अशी जागा आहे का, की तुम्ही घरी येता?
- मी समोर थांबू शकते का?
- मांजर घाबरलं तर काय करता?

शेवटच्या प्रश्नाचं "अर्धवट सोडून देतो आणि तुम्हाला व्हेटकडे पाठवतो" हे उत्तर आलं तर तो ग्रूमर तुमच्या कामाचा. "आम्हाला सवय आहे, कसंही करून करतो" असं म्हणाला तर फोन ठेवा. "थोडं शांत करायचं औषध देतो" असं कुणी म्हटलं तर ते बेकायदेशीर आहे. मांजराला गुंगी देण्याचा अधिकार व्हेटचाच.

माझं मत विचाराल तर, ज्या मांजराला अनोळखी माणसाचा हात सहन होत नाही आणि ज्याला जटाही आहेत, त्याला सरळ व्हेटकडे न्या. गुंगी देऊन क्लिपरने पंधरा-वीस मिनिटांत जटा काढल्या जातात आणि मांजराला त्या वेळचं फारसं काही जाणवत नाही. गुंगीत धोका शून्य नसतो. मेन कून, रॅगडॉलसारख्या जातींत हृदयाचे आजार जास्त आढळतात, म्हणून आधी हृदय तपासलं जाईल, कदाचित रक्तही. ते करून घ्या.

व्हेटकडे नेणंच अशक्य होत असेल तर गॅबापेंटिनबद्दल विचारा. निघण्याच्या दोन-तीन तास आधी दिलं की अनेक मांजरं निवळतात. हे औषध एप्रिल 2019 पासून ब्रिटनमध्ये नियंत्रित यादीत आहे, त्यामुळे व्हेट सहसा मांजराला प्रत्यक्ष तपासल्याशिवाय ते लिहून देत नाही. घरात कुणाला हेच औषध चालू असलं तरी त्यातलं देऊ नका. दिल्यावर मांजर झोकांड्या खातं, म्हणून जिन्यापासून दूर ठेवा. क्लिनिक निवडताना ते 'कॅट फ्रेंडली क्लिनिक' आहे का ते बघा. तिथे सहसा मांजरांसाठी वेगळी बसायची जागा किंवा वेळ असते.

पाळीव प्राण्याच्या विम्यातून ग्रूमिंगचा खर्च बहुधा मिळत नाही. आजारामुळे जटा झाल्या असतील तर कंपनीला आधी लेखी विचारा. तुम्हाला युनिव्हर्सल क्रेडिटसारखा भत्ता मिळत असेल तर पीडीएसए या धर्मादाय संस्थेकडे मोफत किंवा कमी दरात उपचार मिळतात का, ते तपासा.

तुमची जबाबदारी आणि तुमचे हक्क

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006 च्या ॲनिमल वेल्फेअर ॲक्टनुसार मांजराला वेदना आणि आजारापासून वाचवणं ही पाळणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी आहे. स्कॉटलंडचा त्याच वर्षीचा स्वतंत्र कायदा आहे, उत्तर आयर्लंडचा 2011 चा. मांजर 16 वर्षांखालच्या मुलाचं म्हणून आणलं असलं तरी जबाबदार आईवडीलच. तेव्हा लाज वाटून जटा लपवू नका. व्हेटने त्याहून वाईट अवस्था पाहिलेली असते.

ग्रूमरकडून इजा झाली तर 2015 चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट तुमच्या बाजूने आहे: सेवा वाजवी काळजी आणि कौशल्याने दिली गेली पाहिजे. जटा काढताना काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही, अशा कागदावर सही घेतली असली तरी निष्काळजीपणाची जबाबदारी त्याने झटकता येत नाही. त्याच दिवशी फोटो काढा, व्हेटकडून जखमेची लेखी नोंद आणि बिल घ्या, मग ग्रूमरला लेखी कळवा. तरीही तोडगा निघाला नाही तर इंग्लंड आणि वेल्समध्ये 10,000 पौंडांपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये, स्कॉटलंडमध्ये 5,000 पौंडांपर्यंतचा सिंपल प्रोसीजरमध्ये लावता येतो. तक्रार व्हेटबद्दल असेल तर आधी क्लिनिककडे, मग व्हेटरिनरी क्लायंट मीडिएशन सर्व्हिसकडे. गंभीर गैरवर्तन असेल तर रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्सकडे.

चावलं तर

मांजराचे दात सुईसारखे. जखम टिंबाएवढी दिसते, पण जंतू खोल जातात, आणि हाताच्या चाव्यात ते सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. वाहत्या कोमट पाण्याखाली काही मिनिटं धुवा, थोडं रक्त वाहू द्या, आणि चावा हातावर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा किंवा एनएचएसच्या 111 वर फोन करा. धनुर्वाताची लस कधी घेतली ते सांगा. सूज, लाली, ठणका वाढत असेल तर रात्र काढू नका.

घरी आलेल्या आईवडिलांना मधुमेह असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. ते व्हिजिटर व्हिसावर आहेत म्हणून दवाखान्यात जायला कचरू नका: इंग्लंडमध्ये ए अँड ईमधली तपासणी आणि उपचार सगळ्यांना मोफत असतात, ॲडमिट करावं लागलं तर त्यापुढचा खर्च लागू शकतो. रेबीजची चिंता इथल्या घरच्या मांजराबाबत करावी लागत नाही, कारण ब्रिटनमधल्या जमिनीवरच्या प्राण्यांत तो नाही. भारतात सुट्टीवर असताना मांजर चावलं तर मात्र लगेच लस.

व्हेटकडे केस उतरवून मांजर घरी आणल्यावर

पहिली रात्र एका उबदार खोलीत, पलंगावर उडी मारता येणार नाही असं ठेवा. दुसरं मांजर असेल तर वेगळं, कारण क्लिनिकच्या वासामुळे ते त्याला ओळखत नाही आणि अंगावर जातं. हिवाळ्यात काही आठवडे बाहेर सोडू नका. उन्हाळ्यात उघडी कातडी उन्हाने भाजते. केस बोटाच्या पेरापेक्षा कमी असतानाच, कातडी बरी दिसली की, पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. आता गाठी नाहीत, ओढ नाही, कंगवा दुखत नाही. आमच्या मांजरीने विंचरून घ्यायला सुरुवात केली ती याच दिवसांत.